सर्व्हरची डिस्क हलवताना : जुनी प्रत पुसण्याची घाई नको

संगणकावर हिशेब ठेवणे ही आता केवळ मोठ्या कंपन्यांची मिरास राहिलेली नाही. यंत्रमाग कारखानदार, मासळी आणि आंब्याचे निर्यातदार, छोटी रुग्णालये, शाळा, मदरशांची कार्यालये आणि पतसंस्था या सर्वांचे व्यवहार आज खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एखाद्या सर्व्हरवर चालतात. या एका यंत्राच्या पोटात बहुधा तीन-चार संगणक नांदत असतात. एकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर कार्यालयाच्या फाइली, तिसऱ्यावर हजेरी किंवा कॅमेऱ्याची नोंद. दिसायला यंत्र एक, पण आतले संगणक वेगवेगळे. या आतल्या संगणकांना व्हर्च्युअल मशीन किंवा थोडक्यात व्हीएम म्हणतात.

व्हीएमची संपूर्ण हार्ड डिस्क म्हणजे मूळ सर्व्हरच्या दृष्टीने एक भली मोठी फाइल, नाहीतर राखून ठेवलेला एक तुकडा असतो. म्हणूनच ती एका स्टोरेजवरून उचलून दुसऱ्या स्टोरेजवर ठेवता येते. जुनी डिस्क भरत आली, नवी वेगवान एसएसडी घेतली, किंवा जुन्या डिस्कमधून संशयास्पद आवाज येऊ लागला की ही वेळ येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. त्यानंतर अनेक छोट्या कार्यालयांनी प्रॉक्समॉक्स या मुक्त प्रणालीची वाट धरली. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील कंपनी ती तयार करते आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती २००८ साली आली. छोट्या व्यावसायिकांकडे हीच प्रणाली आता अधिक दिसत असल्याने या लेखात आम्ही तिच्याच आधाराने बोलणार आहोत.

डिस्क हलवण्याचे काम पडद्यावर चार क्लिकचे आहे. तथापि याच चार क्लिकमध्ये वर्षांचा हिशेब गमावण्याची शक्यताही दडलेली आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ आणि २० तारीख चुकवून चालत नाही. १९ तारखेच्या रात्री हिशेबाचा व्हीएम उघडेनासा झाला तर त्या व्यापाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञावर सोडून देण्यासारखा नाही. मालकालाही त्यातले मूळ तत्त्व ठाऊक असले पाहिजे.

हलवणे म्हणजे प्रत्यक्षात काय?

मराठीत आपण ‘हलवणे’ म्हणतो तेव्हा वस्तू इथून उचलून तिथे ठेवली असे डोळ्यांसमोर येते. संगणकात तसे होत नाही. आधी पूर्ण नक्कल होते, मग व्हीएमला नव्या नकलेवर काम करायला सांगितले जाते, आणि शेवटी मूळ प्रत पुसली जाते. ही तीन वेगळी कामे आहेत. बहुतेक नुकसान पहिल्या दोन कामांत होत नाही, ते तिसऱ्या कामाच्या घाईत होते.

व्हीएम चालू असताना डिस्क हलवली तर प्रणाली एकीकडे जुना मजकूर उतरवत जाते आणि दुसरीकडे त्याच वेळी होणाऱ्या नव्या नोंदींवरही नजर ठेवते. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या की क्षणार्धात व्हीएम नव्या प्रतीवर जातो. हे होण्यापूर्वी काही बिघडले, तर व्हीएम जुन्या डिस्कवरच चालू राहतो. मधेच वीज गेली तरी सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर व्हीएम जुन्या डिस्कवरूनच उठतो, कारण त्याच्या नोंदीतला पत्ता काम पूर्ण झाल्यावरच बदलतो. म्हणजे काम अर्धवट राहिले म्हणून हिशेब गेला असे होत नाही. घाबरून काहीतरी पुसून टाकल्यानेच तो जातो.

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या ‘हार्डवेअर’ पानावर डिस्क निवडून ‘मूव्ह स्टोरेज’ म्हटले की एक छोटी चौकट उघडते. तिच्यात ‘डिलीट सोर्स’ असा पर्याय असतो. तो रिकामाच ठेवावा, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. रिकामा ठेवला तर जुनी प्रत ‘अनयूज्ड डिस्क’ या नावाने त्याच पानावर शिल्लक राहते. थोडी जागा अडते, पण परतीचा रस्ता मोकळा राहतो.

सुरू करण्यापूर्वी

पहिली गोष्ट बॅकअपची. तो त्याच डिस्कवर नको, वेगळ्या उपकरणावर हवा. अनेक जण स्नॅपशॉटलाच बॅकअप समजतात. स्नॅपशॉट मूळ डिस्कच्याच आधारावर उभा असतो. डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप घेतल्यावर तो दुसऱ्या क्रमांकाने परत उतरवून, नेटवर्कची जोडणी तोडून, एकदा सुरू करून पाहावा. न तपासलेला बॅकअप म्हणजे न मोजता तिजोरीत ठेवलेले पुडके होय.

दुसरी गोष्ट वेळेची. ५०० जीबीची डिस्क एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून हलवायची असेल, तर सेकंदाला सुमारे ११० एमबी या वेगाने सव्वा तास लागतो. पण मध्ये जुना स्विच किंवा खराब केबल असेल आणि जोडणी १०० मेगाबिटवर उतरली, तर तेच काम बारा-तेरा तास चालते. रात्री इशानंतर सुरू केलेले काम फजरपर्यंत संपेल अशा हिशेबाने बसलेल्या तंत्रज्ञाला सकाळीही ते अपूर्ण दिसते आणि मग रद्द करण्याचा मोह होतो. म्हणून आधी जोडणीचा वेग पाहावा. नव्या डिस्कचाही विचार करावा. स्वस्त एसएसडी सुरुवातीला वेगाने लिहितात आणि त्यांची तात्पुरती जागा भरली की एकदम मंदावतात.

तिसरी गोष्ट विजेची. सर्व्हर, स्विच आणि बाहेरचे स्टोरेज हे तिन्ही यूपीएसवर असावेत. केवळ सर्व्हर यूपीएसवर ठेवून स्विच साध्या प्लगवर लावलेला आम्ही अनेक ठिकाणी पाहिला आहे.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांची कारणे

१) नवे स्टोरेज यादीतच दिसत नाही : डिस्क जोडली आहे, जागाही दिसते, पण हलवताना पर्यायांच्या यादीत तिचे नाव नाही. बहुतेक वेळा याचे कारण साधे असते. प्रत्येक स्टोरेजवर काय ठेवायचे हे आधी ठरवून द्यावे लागते. प्रॉक्समॉक्स बसवताना आपोआप तयार होणाऱ्या ‘लोकल’ या स्टोरेजला सुरुवातीला व्हीएमच्या डिस्क ठेवण्याची परवानगी नसते. डेटासेंटर विभागातल्या स्टोरेज पानावर जाऊन ‘डिस्क इमेज’ हा प्रकार चालू केला की नाव दिसू लागते.

२) जागा आहे तरी काम अडते : येथे ‘थिन’ पद्धत समजून घ्यावी लागते. तीत ५०० जीबीची डिस्क प्रत्यक्ष १२० जीबीच व्यापते. लागेल तशी वाढते. त्यामुळे एक टीबीच्या स्टोरेजवर दोन टीबीच्या डिस्कचा वायदा करता येतो. जोवर सगळे एकदम मागायला येत नाहीत तोवर ठीक. पण चालू व्हीएमची डिस्क हलवताना कित्येकदा रिकामी जागासुद्धा शून्ये म्हणून लिहिली जाते आणि १२० जीबीची डिस्क नव्या ठिकाणी पूर्ण ५०० जीबी होऊन बसते. थिन स्टोरेज काठोकाठ भरले की त्यावरचे इतर व्हीएमही लिहू शकत नाहीत आणि जागच्या जागी थांबतात. एका डिस्कच्या हलवाहलवीत सगळे कार्यालय बंद पडण्याचे हे मोठे कारण आहे.

उपाय असा की डिस्कचा पूर्ण आकार मावेल एवढी मोकळी जागा असल्याशिवाय सुरुवात करू नये. ‘एलव्हीएस’ ही आज्ञा दिली की थिन स्टोरेज किती टक्के भरले आहे हे कळते. डेटा आणि मेटाडेटा असे तिचे दोन आकडे पाहावेत. दुसरा भरला तरी घोटाळा होतो. आम्ही ८० टक्क्यांची मर्यादा सुचवू. हलवून झाल्यावर डिस्कच्या पर्यायांत ‘डिस्कार्ड’ चालू करून, व्हीएम एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि आतून लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम’ किंवा विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह’ चालवावे. वाया गेलेली जागा परत मिळते.

३) स्नॅपशॉट आडवे येतात : डिस्कवर स्नॅपशॉट असतील आणि ‘डिलीट सोर्स’ निवडले असेल, तर प्रॉक्समॉक्स स्पष्ट नकार देते. हा नकार तुमच्या भल्यासाठीच आहे. कारण नव्या ठिकाणी फक्त आजची स्थिती जाते, जुने स्नॅपशॉट सोबत जात नाहीत. ते मूळ प्रतीपाशीच राहतात. सहा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर बदलताना घेतलेला आणि विसरलेला स्नॅपशॉट बहुधा याच वेळी सापडतो. तो खरेच नको असेल तर आधी रीतसर काढावा आणि मगच डिस्क हलवावी. स्नॅपशॉट काढण्याचे काम मोठ्या डिस्कवर बराच वेळ घेऊ शकते. तेही मधेच तोडू नये.

४) ‘व्हीएम कुलूपबंद आहे’ असा संदेश : रात्रीचा बॅकअप चालू असताना वीज गेली, तर बॅकअपने लावलेले कुलूप तसेच राहते. सकाळी डिस्क हलवायला गेले की प्रणाली अडवते. ‘क्यूएम अनलॉक’ आणि पुढे व्हीएमचा क्रमांक, एवढ्या आज्ञेने कुलूप निघते. पण आधी खाली दिसणाऱ्या कामांच्या यादीत खरोखर कोणतेही काम चालू नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. चालू बॅकअपचे कुलूप तोडणे म्हणजे आत माणूस मोजदाद करीत असताना गोदामातला माल हलवण्यासारखे आहे.

५) ठरावीक टक्क्यांवर जाऊन काम कोसळते : तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा साधारण ६३ टक्क्यांवर थांबले, असे झाले तर चौथ्यांदा प्रयत्न करू नये. मूळ डिस्कचा तो भाग वाचता येत नाही, असा याचा बहुधा अर्थ असतो. ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कची प्रकृती तपासावी आणि ‘डीमेसेज’मध्ये वाचनाच्या त्रुटी दिसतात का ते पाहावे. मरणाऱ्या डिस्कला पुनःपुन्हा वाचायला लावल्याने ती लवकर मरते. अशा वेळी व्हीएम बंद करावा, चांगला बॅकअप असेल तर तो नव्या डिस्कवर उतरवावा, आणि नसेल तर खराब भाग वगळून नक्कल करणाऱ्या साधनांची माहिती असलेल्या माणसाकडे जावे.

दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यांवर थांबत असेल तर संशय नेटवर्क, केबल किंवा पलीकडच्या स्टोरेजवर घ्यावा.

६) मोठी डिस्क गेली, छोटी राहिली : नव्या विंडोजच्या व्हीएमला मुख्य डिस्कखेरीज ईएफआय आणि टीपीएम अशा दोन चिमुकल्या डिस्क असतात. काही एमबींच्या या डिस्ककडे लक्ष जात नाही. जुने स्टोरेज काढून टाकले की व्हीएम सुरूच होत नाही. टीपीएमची डिस्क व्हीएम चालू असताना हलवता येत नाही, त्यासाठी व्हीएम बंद करावा लागतो. ईएफआयची डिस्कही बंद अवस्थेत हलवणे सोयीचे. सीडीच्या खणात जुन्या स्टोरेजवरची आयएसओ फाइल अडकून राहिली असेल तर तीही काढावी. हार्डवेअर पानावरच्या प्रत्येक ओळीत जुन्या स्टोरेजचे नाव कोठे उरले आहे का, हे वरपासून खालपर्यंत वाचावे.

हाताने फाइल उचलण्याचा मोह

पडद्यावरच्या पर्यायाने जमले नाही की काही तंत्रज्ञ सरळ डिस्कची फाइल कॉपी करतात. व्हीएम चालू असताना असे करणे अत्यंत घातक आहे. अर्धी फाइल दहा वाजताची आणि अर्धी साडेदहाची अशी खिचडी तयार होते. ती कदाचित सुरूही होते, आणि आठवड्याने हिशेबाच्या फाइलीत भलत्याच ठिकाणी बिघाड दिसतो. हाताने करायचेच असेल तर व्हीएम पूर्ण बंद करावा आणि ‘क्यूएम डिस्क इम्पोर्ट’ या आज्ञेने फाइल नव्या स्टोरेजवर घ्यावी. फाइलचा प्रकारही पाहावा. ‘क्यूकाऊ-दोन’ प्रकारची फाइल साध्या फोल्डरवर किंवा एनएफएसवर चालते. थिन एलव्हीएम किंवा झेडएफएसवर डिस्क ‘रॉ’ प्रकारात जाते. इम्पोर्टची आज्ञा हा बदल स्वतः करते.

अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांचे तुकडे स्टोरेजवर पडून राहतात. ‘क्यूएम डिस्क रीस्कॅन’ केले की ते त्या व्हीएमपुढे न वापरलेली डिस्क म्हणून दिसू लागतात. येथेच मोठी गफलत होते. खरी डिस्क आणि अर्धवट तुकडा यांची नावे जवळजवळ सारखी असतात. पुसण्यापूर्वी व्हीएम सध्या कोणत्या स्टोरेजवरच्या कोणत्या डिस्कवर चालतो, हे कागदावर लिहून काढावे. दुसऱ्या माणसाला ते वाचायला द्यावे आणि मगच हात लावावा.

व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही वापरणाऱ्यांसाठी

प्रणाली वेगळी असली तरी दुखणी तीच आहेत. व्हीएमवेअरमध्ये डिस्कच्या दोन फाइली असतात. एक काही केबींची, वर्णन करणारी; दुसरी ‘फ्लॅट’ नावाची, खरा मजकूर असणारी. केवळ पहिली हलवून दुसरी पुसली तर हाती रिकामी पावती उरते. तिथल्या जुन्या व्हीएमएफएस-५ स्टोरेजचे जागच्या जागी व्हीएमएफएस-६ मध्ये रूपांतर होत नाही. नवे तयार करून व्हीएम तिकडे न्यावेच लागतात. हायपर-व्हीमध्ये चालू व्हीएमची डिस्क हलवण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. तेथे चेकपॉइंट घेतले असतील तर ‘एव्हीएचडीएक्स’ नावाच्या साखळीतली एकही फाइल हाताने काढू नये. साखळी तुटली की अलीकडचे सर्व काम जाते. आणि एक साधी बाब : फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. कॉपी सुरुवातीलाच का थांबते याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते.

‘झाले’ केव्हा म्हणावे?

पडद्यावर ‘टास्क ओके’ आले म्हणजे नक्कल झाली. काम झाले असे नव्हे. त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात.

व्हीएम एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. आतून डिस्कची तपासणी चालवावी. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि तेरीज हलवण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. हे काम तंत्रज्ञाने नव्हे, तर रोज हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनी किंवा लेखनिकाने करावे. आकडा चुकला तर तो त्यांनाच आधी खटकतो. मग त्याच दिवशी नव्या ठिकाणाहून एक बॅकअप घ्यावा.

हे सर्व कार्यालय उघडण्यापूर्वी उरकणे महत्त्वाचे आहे, आणि त्यामागचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. व्हीएम नव्या प्रतीवर गेला त्या क्षणी जुनी प्रत गोठते. त्यानंतर लिहिलेले प्रत्येक बिल केवळ नव्या प्रतीत जाते. दोन दिवसांनी दोष आढळला आणि जुन्या प्रतीकडे परतलो, तर ते दोन दिवस बुडाले. म्हणजे जुनी प्रत पहिल्या सकाळी सोन्यासारखी असते आणि पुढे दिवसागणिक तिचे मोल घटते. आठवडाभर नवी प्रत निर्वेध चालली आणि रोजचे बॅकअप नीट उतरले की जुनी खुशाल पुसावी. तोवर ती त्याच व्हीएमला दुसरी डिस्क म्हणून जोडू नये. दोन्हींवरची ओळखखूण एकच असल्याने विंडोज त्यांतली एक बंद ठेवते, आणि लिनक्स कधी कधी चुकीचीच उघडते.

अमानत

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत दिली आहे. आपल्या बुजुर्गांनी लाल वहीत ही शिकवण पाळली. आज ती वही सर्व्हरमधल्या एका फाइलीत आली आहे. तिच्यात एकट्या मालकाचा हिशेब नसतो. त्यात कारागिराची बाकी असते, ठेवीदाराची रक्कम असते, अनाथ विद्यार्थ्यांच्या फीची नोंद असते, रुग्णाचा अहवाल असतो. ती फाइल गेली तर ज्याचे येणे आहे तो कोणत्या तोंडाने मागणार आणि ज्याचे देणे आहे तो कोणत्या आकड्याने फेडणार?

म्हणून आमच्या व्यावसायिक बंधूंना आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना एवढेच सांगणे आहे. डिस्क हलवण्याचे काम घाईच्या तारखांना काढू नका. मालकाने एक अधिकची डिस्क घेण्याच्या खर्चाला कचरू नये आणि तंत्रज्ञाने ‘रात्रीत करून देतो’ असा शब्द देऊ नये. नक्कल यंत्राला करू द्या, आकडे माणसाने ताडून पाहावेत, आणि पुसण्याचे काम सर्वांत शेवटी, दोघांच्या समोर व्हावे. एवढी शिस्त पाळली तर मधेच वीज गेली, केबल तुटली किंवा डिस्क रुसली तरी कोणाचा हक्क बुडणार नाही, इन्शाअल्लाह.